वेणूला घेऊन कोल्हापुरास

कोल्हापूर पाहायचे म्हणून आम्ही गेलो नव्हतो. तरी तिकडून आल्यापासून जो तो मला अंबाबाईचे देऊळ कसे, रंकाळा केवढा, पन्हाळ्याची चढण अवघड का, असेच विचारतो. म्हणून हे लिहायला घेतले. देऊळ, तळे आणि गड तिन्ही यात येतील. पण त्यांच्याकडे धड बघायला मला सवड नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. माझे सगळे लक्ष माझ्या धाकट्या बहिणीवर होते.

वेणूची मुलगी कमळ त्या वर्षी श्रावणात तापाने गेली. नुकती कुठे नीट बोलायला लागली होती. वेणूचे सासर साताऱ्याचे. मुलगी गेल्यापासून तिने बोलणे जवळजवळ सोडले, तेव्हा सासूबाईंनी तिला ‘बरी होईपर्यंत’ म्हणून पुण्याला आमच्याकडे आणून सोडले. दिवाळीनंतर बरी होऊन परत आली नाही, तर आम्ही मुलाचे दुसरे लग्न करू, असा निरोपही मागाहून आला.

मी कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवतो. मानसशास्त्र ही विद्या आपल्याकडे नवी. पण तिचे जे ग्रंथ मिळाले ते मी मन लावून वाचले होते. त्यांत एक साहचर्याचा नियम आहे. मनात एक कल्पना आली की ती आपल्या सोबतच्या दुसऱ्या कल्पनेला ओढून आणते. मी यावरून वेणूसाठी उपाय ठरवला. कमळची झबली, तिची लाकडी बाहुली, पाळण्याची दोरी, सारे पेटीत घालून माळ्यावर टाकले. घरात कोणी तिचे नाव काढायचे नाही अशी सक्त ताकीद दिली. शेजारच्या मुलांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. वेणू वेळेवर जेवत होती, सांगितले ते काम करीत होती. उपाय लागू पडतो आहे, असे मी आईला सांगत असे.

मग एके दुपारी ती घरात दिसेना. शोधत नदीवर गेलो, तर ती घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर पाण्याकडे तोंड करून उभी होती. मी धापा टाकत तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ऊन फार झालंय, चल घरी.”

ती मुकाट्याने आली. पण त्या दिवसापासून काळजीने मला जे घेरले, ते सुटेना. जगात काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात आणि काही नसतात, त्यांची विभागणी करावी आणि हातात नसेल त्याचा शोक करू नये, असे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. आता रोज सकाळी मी ती विभागणी स्वतःसाठी करू लागलो. वेणूला कुठल्या बाजूला घालावे, हे काही मला ठरवता येईना.

आईने अंबाबाईची ओटी बोलली होती. कोल्हापुरात माझा कॉलेजातला सोबती बसवंत गुळाचा व्यापार करतो, तो कधीपासून बोलावत होता. दिवाळी होताच आम्ही निघालो.

मिरज

मिरजेला गाडी बदलावी लागते. वेणू फलाटाच्या कडेला उभी होती आणि माझे डोळे तिच्या पावलांवर. या गोंधळात आमची वळकटी पहिल्या गाडीत राहिली आणि तशीच बेळगावच्या दिशेने निघून गेली. स्टेशन-मास्तर म्हणाले, “मिळेल की, कुठं जात्या?” पुण्यात असे झाले असते तर आधी हलगर्जीपणाबद्दल दोन शब्द ऐकावे लागले असते. वळकटी अजून मिळालेली नाही.

वेणूच्या तोंडावर तेव्हा हसू आल्यासारखे वाटले. पण मी खात्री करून घेण्याइतपत तिच्याकडे सरळ पाहिले नाही. मी तिच्याकडे नेहमी डोळ्याच्या कोपऱ्यातूनच पाहत असे.

कोल्हापूर

स्टेशनवर टांगेवाल्याने आमचे सामान माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले.

“कुणाकडं जायाचं, पावणं?”

मी बसवंताचे नाव सांगितले.

“गूळवालं व्हय? आता पेठंत न्हाईत ऱ्हात त्ये. रंकाळ्याला नवं घर बांधलंय. माडीवरनं सगळं तळं दिसतंय बगा!”

बसवंत गुळाच्या पेठेत राहतो, जवळपास नदी नाही, तळे नाही, हे सारे मनाशी ताडूनच मी हे घर निवडले होते. टांगा शहरातून चालला होता. तालमींतून घामाने निथळलेले पैलवान बाहेर पडत होते, दुकानांतून उकळत्या दुधाचा वास येत होता, माणसे रस्त्याच्या या कडेहून त्या कडेशी मोठमोठ्याने बोलत होती. मी वाटेत दिसणाऱ्या विहिरी मोजीत होतो.

रंकाळा खरोखरच थोर आहे. तळे कसले, लहानसा समुद्रच तो. संध्याकाळच्या उन्हात पाणी तांबूस दिसत होते, काठावर म्हशी डुंबत होत्या. बसवंताने मोठ्या हौसेने आम्हाला माडीवरची पाण्याकडची खोली दिली. मला ऊन सोसत नाही, असे कायसे सांगून मी मागची अंधारी खोली मागून घेतली. त्याने स्वतःच आमचे सामान तिकडे नेले.

बसवंताचे घर लिंगायतांचे. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, आणि आईला सगळे ‘अव्वा’ म्हणतात. अव्वा ठेंगण्या, कपाळभर भस्म लावलेल्या, आवाजाने खणखणीत. आमचा स्वयंपाक वेगळा असणार म्हणून त्यांनी आधीच एक कोपरा सारवून तिथे नवी चूल मांडून ठेवली होती. वेणूला त्यांनी पाटावर बसवले, तिच्यापुढे स्वतः फतकल मारली आणि विचारले, “पोरं किती गं तुला?”

मी घाईघाईने म्हणालो, “अव्वा, इथे पाणी कुठलं पिता हो, तळ्याचं?”

“पान्याचं मागनं सांगते की मास्तर. हिला इच्यारलं मी.”

वेणू जमिनीकडे बघत होती. ती म्हणाली, “एक होती.”

“नाव काय?”

“कमळ.”

“काय झालतं?”

“ताप.”

अव्वांनी हात पुढे करून वेणूचा चेहरा कुरवाळला आणि आपल्या कानशिलावर बोटे मोडली. “कुनावर गेलती? तुझ्यावर?”

“वडलांवर,” वेणू म्हणाली. “नाक तेवढं माझं.”

श्रावणापासून तिच्या तोंडून सलग एवढे शब्द मी ऐकले नव्हते. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तसे झाले नाही. इतक्या दिवसांत मोठ्या कष्टाने बांधलेला बांध ही बाई एका बैठकीत फोडते आहे, असे मला वाटले. मी बसवंताला घेऊन तळ्याच्या काठी गेलो आणि त्याला सगळे सांगितले. घाटावरचेही सांगितले. शेवटी म्हणालो, “तुझ्या आईला समजावून सांग. तो विषय काढायचा नाही.”

बसवंत कॉलेजात माझ्यापेक्षा हुशार होता. वडील गेले म्हणून शिक्षण सोडून पेढीवर बसला.

“तुझा नियम चूक नाही,” तो म्हणाला. “बाहुली बघितली की पोर आठवणार, खरं आहे. पण बाहुली तू पेटीत घातलीस. वेणूचं डोकं कुठल्या पेटीत घालणार?”

“मग काय करू?”

“मला विचारतोस? अरे, तिला विचारलंस का? घाटावर का गेली होतीस, म्हणून?”

“विचारलं, आणि ती कल्पना तिच्या मनात नसली, तर मीच ती घातल्यासारखं होईल.”

“आणि असली तर?”

वर्गात उत्तर नसले की मी फळा पुसायला लागतो. इथे मी खाली वाकून वहाण झटकली.

पुढचे दोन दिवस शहर पाहण्यात गेले. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, त्यातले कोरीव खांब, गाभाऱ्यातला धूप आणि गर्दी, यांचे वर्णन करण्याजोगे पुष्कळ आहे. वेणूने ओटी भरली तेव्हा तिच्या हातातले तांदूळ सांडले नाहीत, एवढेच मला आठवते. बसवंताने दिलेली पथारी मी रात्री खोलीच्या दाराशी आडवी टाकीत असे, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला मला ओलांडावे लागावे.

एका सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर वेणू नव्या चुलीकडे पाठ करून अव्वांच्या चुलीशी बसली होती. अव्वा भाकरी थापीत होत्या आणि तव्यावरची गरम भाकरी काकवीत बुडवून वेणू खात होती. आमच्या आळीत हे कळले असते, तर प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या असत्या. अव्वा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मास्तर, बसा की. का तुमास्नी बाटायचं भ्या वाटतंय?”

मी बसलो. उसाच्या पाकाची ती काकवी गरम भाकरीबरोबर जिभेवर जी लागते, तिला पुण्यात तोड नाही. अव्वा सांगत होत्या की त्यांचीही दोन मुले लहानपणी गेली. नावे, रंग, खोड्या, सगळे त्या सांगत होत्या, मधेच भाकरी उलटत होत्या. त्यांच्याकडे हाताने केलेले काम पूजेइतके मोठे मानतात, हे बसवंताने मला पूर्वी सांगितले होते. मेलेल्या मुलांच्या गोष्टीही त्या कामाचा हात न थांबवताच सांगत होत्या.

पन्हाळा

पन्हाळ्याला आम्ही भाड्याच्या टांग्याने पहाटे निघालो. बसवंत पेढी सोडून येऊ शकला नाही. वाटेत उसाचे मळे, पहिली गुऱ्हाळे लागलेली, चुलवणांचा धूर शेतांवर पसरलेला. चढण सुरू झाली तसे धुके आले. गडावर पोचलो तेव्हा घोड्याचे कान दिसेनासे झाले होते. टांगेवाला म्हणाला, “घटकाभर थांबा, फाकंल. मी घोडं सोडतो.” मी त्याला भाकऱ्यांचे गाठोडे खाली घ्यायला मदत केली. वळून पाहिले तर वेणू नव्हती.

मी हाक मारली. धुक्यात आपलाच आवाज परत आपल्याच तोंडावर येतो. गडावर तटबंदी आहे, खोल कडे आहेत, विहिरी आहेत, तळे आहे. सगळे मी आदल्या दिवशी बसवंताकडून खोदून खोदून विचारून घेतले होते, आणि आता ते एकेक आठवू लागले. अशा वेळी श्वास सावकाश घ्यावा, शरीर शांत ठेवले की मनही शांत होते, असे मी वाचले होते आणि शिकवलेही होते. मी एक श्वास तसा घेऊन पाहिला. मग पळत सुटलो. एका दगडाला ठेचाळून पडलो, गुडघा फुटला, चष्मा उडाला. तो चाचपडून शोधताना मला रडू फुटले. हे मी लिहावे की नाही याचा विचार केला. पण झाले ते असे झाले.

तेवढ्यात धोपटण्याचा आवाज आला. कोणीतरी दगडावर धुणे आपटत होते. आवाजाच्या रोखाने गेलो तो तळ्याच्या काठाशी. पाण्याच्या कडेला वेणू बसलेली, आणि तिच्या बाजूला गडावरचीच एक मुसलमान बाई धुणे धूत होती.

“वेणू!” मी किंचाळलो असेन.

“वरडतोयस कशाला, पावण्या?” ती बाई म्हणाली. “हितंच हाय की. लेकीचं सांगत होती मला.” मग माझ्या गुडघ्याकडे, तोंडाकडे पाहून तिचा सूर बदलला. पिळे उचलून ती म्हणाली, “बोला तुमी भाऊ-भन. मी पल्याडच्या दगडावर जाते.”

मी वेणूपाशी ओल्या जमिनीवर बसलो. बोलायला गेलो तर पहिले शब्द आले ते धुक्याविषयी. ते मी गिळले. वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना सांगतो की तत्त्वज्ञान प्रश्नापासून सुरू होते. घरात मी चार महिने एकही प्रश्न विचारला नव्हता. वेणूला त्रास होईल म्हणून, असे मी म्हणत होतो. खरे म्हणजे तिचे उत्तर मला ऐकवले नसते.

“वेणू,” मी म्हणालो, “तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?”

तिने माझ्याकडे पाहिले. मीही या वेळी सरळ पाहिले. ती किती वाळली होती, डोळ्यांखाली किती काळे झाले होते, ते मला तेव्हा दिसले.

“आलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी घाटावर.”

“मला ठाऊक होतं.”

“तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तू पळत आलास, धापा टाकत होतास. आणि उन्हाचं बोललास. तेव्हा वाटलं दादा, आता कुणाला सांगायची सोयच नाही.”

“आणि आता?”

“आता तेवढं नाही. पुन्हा येणारच नाही असं कसं सांगू? आलं तर सांगेन. तू ऐकशील?”

“ऐकेन.”

मग तिने सांगितले. कमळच्या उशाशी ती रात्रंदिवस बसून होती. शेवटच्या पहाटे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मुलीचा हात गार झाला होता. “मी जागी असते तर...” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वैद्यांनी आदल्या दिवशीच आशा सोडली होती. झोपेचा आणि मृत्यूचा कार्यकारणसंबंध जुळत नाही, हे मी एका वाक्यात सिद्ध करून दिले असते. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आले. मी ते बोललो नाही. तिचा हात धरून बसलो. ती रडली, मोठ्याने, गडावर ऐकू जाईल असे. पलीकडचे धोपटणे थांबले आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले.

धुके निवळले तेव्हा खाली केवढा मुलूख पसरला होता! आम्ही तटावर बसून भाकरी, ठेचा आणि दही खाल्ले. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा वेणू हसली. या वेळी माझी खात्री आहे.

“मला बरी होऊन साताऱ्याला जायचं नाही,” ती म्हणाली. “बरी होणं म्हणजे कमळला विसरणं असेल, तर ते मला जमणार नाही. पण नुसतं बसूनही राहवत नाही. अव्वांच्या ओळखीची मुलींची शाळा आहे, तिथं शिकवायला बाई मिळत नाहीत. लहानपणी तू शिकवलेलं लिहिणं-वाचणं मला येतं. मी जाऊन बसू का?”

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात मुलींच्या शिक्षणाला उत्तेजन होते, हे मला माहीत होते. पण माझ्या डोक्यात लगेच प्रश्नांची रांग लागली. लहान मुली पाहून तिला काय होईल? सासरचे काय म्हणतील? आई काय म्हणेल? रंकाळा रोज दिसेल, त्याचे काय? त्यातला शेवटचा मी मोठ्याने विचारला.

“रंकाळ्यावर सकाळी छान वाटतं,” वेणू म्हणाली. “मी तुझी पथारी ओलांडून रोज जाऊन येते. तू घोरत असतोस.”

सातारा

वेणूला अव्वांकडे ठेवून मी एकटा परतलो. ती आजही तिथे आहे. शाळेत धाकट्या मुलींना अक्षरे शिकवते, संध्याकाळी स्वतः पुढचे शिकते. काही दिवस वाईट जातात. तसे असले की ती सांगते. माझी काळजी गेली आहे असे नाही, पण आता ती अंधारात चाचपडत नाही.

परतताना मी सातारा रोड स्टेशनला उतरून तिच्या सासरी गेलो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवता ठेवताच विचारले, “झाली का बरी?”

“नाही,” मी म्हणालो, आणि सगळे सांगितले.

“मग आम्ही आमचं बघायला मोकळे,” त्या म्हणाल्या.

वेणूचे यजमान भाऊराव कचेरीत नोकरीला आहेत. ते खाली मान घालून सुपारी कातरीत होते. हा मनुष्य मला नेहमी कोरडा वाटत आला होता. मुलगी गेल्यावर त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिले नाही, असे आमच्याकडे बोलले जाई. मी त्यांना बाहेर घेऊन गेलो. पन्हाळ्यावर विचारलेल्या प्रश्नापेक्षा आता विचारायचा प्रश्न सोपा होता.

“भाऊराव, कमळची आठवण येते?”

ते चालता चालता थांबले. “आमच्या घरात तिचं नाव काढत नाहीत,” ते म्हणाले.

“आमच्याही घरात काढत नव्हते. मीच तसं ठरवलं होतं.”

ते म्हणाले, “तिला घराबाहेर मीच उचलून नेलं. हलकी होती हो, काहीच वजन नव्हतं. परत आलो तेव्हा वेणू दारात उभी होती. मला तिच्याकडं बघवेना. त्यानंतर बघितलंच नाही.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. “ती माझ्यावर रागावली असेल.”

“तसं ती काही म्हणाली नाही. कमळ वडलांवर गेली होती, असं मात्र सांगत होती.”

यावर भाऊराव रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टांग्यात चढत होतो, तेवढ्यात भाऊराव पागोटे बांधून, काखेत लहानसे गाठोडे घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. सासूबाई दारातून पाहत होत्या.

“त्यांना काय सांगितलंत?” मी विचारले.

“कोल्हापूरला चाललो म्हणून सांगितलं.”

स्टेशनवर त्यांची गाडी आधी येणार होती, माझी पुण्याची नंतर. ते फलाटावर येरझारा घालत राहिले. गाडीचा धूर दिसला तसे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ती बोलेल माझ्याशी?”

मला खरोखरच माहीत नव्हते, आणि मी तसे सांगितले. “पण तुम्ही तिला विचारा,” मी म्हणालो.

ते डब्यात चढून खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. त्यांचे ओठ पुटपुटत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून पुटपुटत होते. वेणूला काय आणि कसे विचारायचे, ते शब्द जुळवीत असावेत.